दारात नसलेलं झाड

३ तारीख, सोमवार

चि. मैना हिस,

पाकिटावरचा पत्ता मी कारकुनाकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर पाहिलं असतंस तर तू पाकीट न फोडताच परत धाडलं असतंस. म्हणजे अकरा वर्षांनी पत्र लिहितो आहे आणि सुरुवातच फसवणुकीनं. वकिलाची जात. निदान हे पान संपेपर्यंत रागावू नकोस.

तू मुख्याध्यापिका झाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. कात्रण टेबलाच्या खणात, चष्म्याच्या घराखाली ठेवलं आहे. फोटोत तुझ्या हातात पट्टी आहे. आमचे मास्तर अशीच पट्टी धरायचे आणि तिनं बाकावर ठेका देत कविता म्हणून घ्यायचे. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात खडूची धूळ तरंगायची, आणि आम्ही चाळीस पोरं डोळे मिटून एका आवाजात म्हणायचो. सत्तर वर्षांचा झालो. स्वतः जिंकलेल्या खटल्यांचे निकाल आठवत नाहीत, त्या कविता मात्र ओळीनं आठवतात. असो. भरकटलो.

काम थोडंसंच आहे. राज्य बदलणार हे तुमच्याकडेही कळलं असेल. जाता जाता सरकारनं जुन्या शिक्षांची फेरतपासणी करायला एक मंडळ नेमलं आहे. ते सध्या आपल्या जिल्हा कोर्टात बसतं आणि शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला उठतं. ज्यांची प्रकरणं तोवर निकालात निघतील ते कैदी बेटावरच्या तुरुंगातून घरी येतील. बाकीचे तिथंच.

त्या कागदांत दिवेवाल्याचंही प्रकरण आहे. आपल्या गल्लीतले कंदील लावायचा तो; जकातीच्या गोऱ्या साहेबाच्या खुनात जन्मठेपेवर गेलेला. सव्वीस वर्षं झाली. फुप्फुसं कामातून गेली आहेत. तुरुंगाच्या डॉक्टरनं शेरा मारला आहे की आणखी एक हिवाळा तो काढणार नाही.

शिक्षा झाली ती तुझ्या एकटीच्या साक्षीवर. मंडळाचा नियम असा, की साक्षीदार हयात असेल तर त्यानं जातीनं येऊन सांगायला हवं. लेखी चालत नाही. हा नियम कायदेमंडळात मीच भांडून घालून घेतला. खोट्या प्रतिज्ञापत्रांचा सुळसुळाट नको म्हणून. त्या दिवशी सभागृहानं बाकं वाजवली होती.

तू एक दिवसासाठी ये. एवढंच म्हणायचं, "मला आता नक्की सांगता येत नाही." सहा शब्द. त्यात खोटं काही नाही. सव्वीस वर्षांनी कुणाला काय नक्की सांगता येतं?

दिवेवाल्याची बायको रोज सकाळी माझ्या बाहेरच्या खोलीत बाकावर येऊन बसते. इस्पितळाच्या चादरी धुते ती. हात कोपरापर्यंत पांढरे पडले आहेत. मला बघितलं की एकच विचारते, "वकीलसाहेब, कागद हलला का?"

तिकिटाचे पैसे पाठवत नाही. परत करशील, ठाऊक आहे.

बाबा

११ तारीख, मंगळवार

मैने,

तुझं उत्तर काल दुपारी आलं. उभ्यानंच वाचलं. मायना "वकीलसाहेब यांस". बरोबर आहे. तुझी वाक्यं मी इथं पुन्हा उतरवतो, म्हणजे मी ती टाळली असं व्हायला नको.

"आठ वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला खरं बोलायला उभं केलंत, आणि त्या खऱ्यापायी माझं सगळं लहानपण गेलं. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे. त्या दिवेवाल्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती शाळा सोडून गेली आणि तिची पाटी वर्षभर फळीवर तशीच होती. मी ते सोसलं, कारण मी खरं बोलले होते. तुम्ही मला दूरच्या वसतिगृहात टाकून राजकारणाला मोकळे झालात, तेही सोसलं. आता उतारवयात तुम्हाला पुण्य हवं आहे, म्हणून मी खोटं बोलू? मी त्याला पाहिलं. आजही डोळे मिटले की दिसतो."

माझीच लेक. पंचेचाळीस वर्षांच्या वकिलीत इतकी नेमकी उलटतपासणी माझी कुणी घेतली नव्हती.

तेव्हा आता जरा मागचं सांगतो. तुला पत्र घालण्याआधी, गेल्या महिन्यात, मी स्वतःच मंडळापुढं गेलो होतो. शपथ घेऊन सांगितलं, की त्या मुलीला साक्ष मी पढवली होती. मंडळात एक सभासद आहेत, एके काळी माझ्या हाताखाली होते. माझ्या पिशव्या वाहिलेल्या. ते हसून म्हणाले, "वकीलसाहेब, पंचवीस वर्षं तुम्ही सरकारला कोपरापासून हात जोडलेत. सरकारनं सामान बांधायला घेतलं आणि तुम्हाला दिवेवाला आठवला होय? कुठली निवडणूक आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो, सवयीनं.

मग अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही पढवलंत असं धरू. मग मुलीनं मुळात काय पाहिलं होतं?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

"पढवलेलं आठवतं, मूळ आठवत नाही?"

त्यांनी फाईल मिटली. मी त्यांच्या जागी असतो तर असल्या साक्षीदाराला दहा मिनिटांत घरी पाठवलं असतं.

मुळात काय होतं ते आज राहू दे. कसं पढवलं तेवढं सांगतो.

तुझी आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तुझी वेणी मीच घालत असे, वाकडा भांग पाडायचो आणि तू ओरडायचीस, "बाबा, नांगर नका फिरवू!" साहेबाचा खून झाल्यावर दुसऱ्या दिवशी फौजदार येऊन म्हणाला, तुमची मुलगी ओसरीवर होती, तिला विचारायचं आहे. मी त्याच्याकडून दहा दिवस मागून घेतले. पोर घाबरली आहे म्हटलं.

त्या दहा दिवसांत रोज सकाळी वेणी घालताना मी तुला एक कविता शिकवली. चार ओळी. भुजंगप्रयात, मास्तरांचं लाडकं वृत्त. एक लघु दोन गुरू, एक लघु दोन गुरू, घोडा दुडक्या चालीनं जावा तसं. इतर वकील साक्षीदाराकडून कोर्टाच्या व्हरांड्यात घोकून घेत. ते गद्य घोकायचे आणि उलटतपासणीत घसरायचे. गद्य घसरतं. वृत्त घसरत नाही. एक शब्द चुकला की कानच सांगतो. ही माझी युक्ती होती आणि मला तिचा गर्व होता. तुला सांगितलं, "चाल आतल्या आत ठेवायची मैने, तोंडानं साधं बोलायचं."

पिंजऱ्यात तुझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं. तू बोलत होतीस आणि उजव्या हाताची दोन बोटं कठड्यावर हलत होती. टक, टकटक. कुणाच्या लक्षात आलं नाही. न्यायमूर्ती म्हणाले, इतका स्वच्छ साक्षीदार आपण कधी पाहिला नाही.

तुझा विश्वास बसायचा नाही. म्हणून पहिली ओळ लिहितो:

उभी मी घरी ओसरीच्या कडेला

आता हे पत्र खाली ठेव. पुढची ओळ तुझ्या तोंडून आपोआप आली, तर समज.

बाबा

१८ तारीख, मंगळवार

मैने,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं वाचलेलं दिसलं. देताना माझ्याकडे बघत नव्हता.

"कविता तुम्ही केली असेल. पाहिलं मी होतं. दारातल्या झाडाखाली, सावलीत, तो उभा होता. आता तुम्ही झाडालाही खोटं म्हणणार काय? पुन्हा लिहू नका."

हो मैने. झाडही खोटं आहे.

आपल्या दारात झाड कधीच नव्हतं.

मी हे गेल्याच पत्रात लिहिणार होतो. दोनदा लिहिलं आणि पान फाडलं. तुझ्याजवळ त्या घराचं दुसरं काही उरलेलं नाही, एवढं एक झाड असेल, असं मनात आलं. पण आज तारीख अठरा. लाडाकोडाला वेळ नाही.

सोबत दोन वस्तू आहेत. एक फोटो, तुझ्या पाचव्या वाढदिवसाचा, खुनाच्या तीन वर्षं आधीचा. तू पायरीवर बसली आहेस. फोटो ओसरीवरून काढलेला आहे; तुझ्याकडे नको, तुझ्यासमोरचं बघ: फरसबंदी, गटार, पलीकडे शिंप्याचं दुकान, दुकानाच्या फळीवर झोपलेलं मांजर. कंदिलाचा खांब. झाड शोध. भिंग घेऊन शोध.

दुसरा कागद त्या कवितेचा. माझ्या हातचा कच्चा खर्डा, खाडाखोडीसकट. तो मी का जपला? कुठल्याही शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी बंबात घातला असता. पण ओळी चांगल्या उतरल्या होत्या गं. उभ्या जन्मात माझ्या हातून बिनचूक उतरलेलं तेवढं एकच कडवं.

उभी मी घरी ओसरीच्या कडेला,
दिवा पेटता पाहिले मी तयाला;
तरूच्या तळी तो उभा राहिलेला,
शिडी टाकुनी तो पळाला, पळाला.

तिसऱ्या ओळीत बघ. आधी "दुकानापुढे" लिहून खोडलं आहे, मग "गटारीकडे". वृत्तात दोन्ही बसत होतं, पण कवितेत गटार मला खपेना. मास्तरांच्या सगळ्या कवितांत झाडं असायची. म्हणून "तरूच्या तळी". एवढंच. एक माणूस सव्वीस वर्षं दगड फोडतो आहे, आणि त्याच्या डोक्यावर मी ओळ देखणी व्हावी म्हणून एक झाड लावलं.

पुढची सावली तू घातलीस. मी सावली शिकवली नव्हती. झाड दिलं म्हटल्यावर तू बिचारीनं सावली पाडलीस, पानं आणलीस.

अजून पटत नसेल तर आठव. तू साक्ष संपवून स्टुलावरून उतरत होतीस तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून तो ओरडला होता. तू दचकून माझा हात धरलास. काय ओरडला? "अहो साहेब, झाड कुठंय? मी रोज तिथं शिडी लावतो, तिथं झाडच नाही!" दुभाष्यानं न्यायमूर्तींना सांगितलं, आरोपी झाडाबिडाबद्दल बडबडतो आहे. हशा झाला. त्याचा वकील, माझ्याबरोबर रोज पत्ते खेळणारा माणूस, त्याला खाली ओढत होता: "गप बस बाबा, केस बिघडवशील." आपल्या गल्लीत येऊन बघायची तसदी त्यानं घेतली नव्हती. कोर्टापासून चालत सात मिनिटं.

माझा खरा हिशोब काय होता, तेही ऐक. मला त्याला अडकवायचं नव्हतं. पोलिसांनी त्याला आधीच धरलं होतं. शिडी प्रेतापाशी सापडली होती. मला वाटलं, आठ वर्षांच्या पोरीची साक्ष कोण धरतो? उलटतपासणीत फुटेल, तो सुटेल, आणि तुझ्या तोंडून दुसरं काही निघायचं नाही. पण मी कविताच इतकी घट्ट केली की ती फुटली नाही. फाशी व्हायची, पोरवयाच्या साक्षीमुळं जन्मठेपेवर आली.

सहा महिन्यांत सरकारनं मला कायदेमंडळावर नेमलं. भरवशाचा माणूस म्हणून.

तुझ्या तोंडून दुसरं काय निघालं असतं, असं तू विचारशील. विचारू नकोस. ये.

बाबा

२१ तारीख, शुक्रवार

मैने,

तुझं काही आलं नाही. मीही वाट न बघता लिहितो आहे, कारण आजचं पत्र तुला चोवीसला मिळेल, आणि गाडीचा प्रवास दोन रात्रींचा.

आज सकाळी दिवेवाल्याच्या बायकोनं कागदाचं विचारलं नाही. म्हणाली, "पोरगी येणार का तुमची?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"तिच्यावर माझा राग नाही हो. एवढीशी होती. तिला कुणी तरी शिकवलं असणार. एवढ्याशा पोरांना सगळं कुणी तरी शिकवतंच." असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "पाणी मिळेल का जरा?"

मी पाणी आणायला आत गेलो आणि माठापाशीच बसून राहिलो. कारकून शोधत आला, "साहेब, बरं नाही का?" तो बहिरा आहे, त्याच्याशी खरं बोलायला सोपं जातं. मी म्हणालो, "मी हरामखोर आहे." तो म्हणाला, "हो हो, आणतो."

तर आता मुळातलं ऐक.

दिवेलागणीची वेळ होती, पण दिवे लागले नव्हते. दिवेवाला अजून आलाच नव्हता. तू ओसरीवर पाटी घेऊन बसली होतीस. मी आत माझ्या खोलीत. तू रडवेली होऊन आत आलीस आणि म्हणालीस:

"बाबा, काका धावत गेला. मला बघूनसुद्धा थांबला नाही."

हे तुझं खरं वाक्य. याला वृत्त नाही.

तुझा काका माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी त्याला बाराखडी शिकवली, त्याच मास्तरांच्या कविता शिकवल्या. मी सरकारला अर्ज लिहिणारा, तो छापखान्यात पत्रकं छापणारा. जकातीच्या साहेबानं तो छापखाना फोडला होता आणि छपाईचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्याला भर रस्त्यात चाबकानं मारलं होतं. त्यानंतर काका माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता. शेवटी बोलला तो एवढंच, "दादा, तुझ्या अर्जाला उत्तर आलं का?"

थोड्या वेळानं गल्लीत ओरडा झाला, मी बाहेर जाऊन प्रेत आणि पडलेली शिडी पाहिली आणि मला सगळं समजलं. आत येताच मी म्हणालो, "काका तर गावाला गेलाय मैने. तो दिवेवाला असेल."

"नाही, काकाच."

"काकाकडे शिडी असते का?"

"नाही."

"बाहेर शिडी पडली आहे. मग कोण?"

बराच वेळ तू बोट चावत उभी राहिलीस. मग म्हणालीस, "मग दिवेवाला." मी तुला उचलून घेतलं. शाबासकी दिली, मैने. तिथंच तुझा घात केला, कविता नंतरची.

दिवेवाला बिचारा मागाहून आला होता. अंधारात पायाला प्रेत लागलं, शिडी टाकून पळाला.

काका परदेशी निसटला. तुला लाल फिती पाठवायचा, आठवतं? एकदा त्यानं लिहिलं, "दादा, मी येतो आणि कबूल होतो. झोप लागत नाही." मी उत्तर टाकलं: आलास तर तुझ्या पुतणीवर खोट्या साक्षीचा ठपका येईल, तिच्या आयुष्याचं वाटोळं होईल. तुझी ढाल केली मी. तो आला नाही. नऊ वर्षांपूर्वी तिकडंच तापानं गेला. मंडळापुढं मी "आठवत नाही" म्हणालो तेव्हा त्या मेलेल्या भावाला वाचवत होतो, आणि जिवंत माणूस तिकडे खोकत होता.

तुला वसतिगृहात राजकारणासाठी टाकलं नव्हतं. तू अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना ती कविता म्हणायला लागली होतीस. चालीत. मोठ्यानं.

आणि गावात विजेचे दिवे आणल्याबद्दल माझा सत्कार झाला, मानपत्र मिळालं. ते दिवे मी का आणले, तर रोज संध्याकाळी शिडी घेऊन येणारा नवा माणूस मला बघवत नव्हता.

आज मी काकाचं नाव घालून नवं प्रतिज्ञापत्र केलं आहे. पण माझं ऐकणार कोण? अजून सात दिवस आहेत. माझ्यासाठी येऊ नकोस. माझं तोंडही बघू नकोस. मी गावाबाहेर जाऊन थांबतो हवं तर. पण ये गं. मी हात जोडतो, पाया पडतो, काय म्हणशील ते. ये.

बाप

२९ तारीख, शनिवार

मैना,

तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून हे लिहितो. उत्तर नको आहे.

मला काल दाराबाहेरच बसवलं होतं, बाकावर, दिवेवाल्याच्या बायकोशेजारी. साडेअकराला तू जिन्यावरून आलीस. तुझी चाल तुझ्या आईची आहे. मला ठाऊक नव्हतं. मी उठलो, काठी हातातून पडली. तू वाकून उचललीस आणि म्हणालीस, "वकीलसाहेब, काठी." बस्स, दोन शब्द. मग तू त्या बाईजवळ बसलीस, तिचा पांढरा हात हातात घेतलास. तिनं विचारलं, "जेवलीस का पोरी?" आणि तू मान हलवलीस. पुढं पट्टेवाल्यानं तुला आत बोलावलं.

आतलं मला माझ्या त्या जुन्या हाताखालच्या माणसानं संध्याकाळी सांगितलं. या वेळी हसत नव्हता. म्हणाला, "तिनं आधी चारही ओळी म्हटल्या. चालीत. कठड्यावर बोटं वाजवत. मंडळींना काय करावं समजेना. मग अध्यक्षांनी विचारलं, 'आणि ही चाल काढून टाकली तर?' ती म्हणाली, 'मी काल स्टेशनवरून सरळ त्या गल्लीत गेले. तासभर उभी होते. झाड शोधलं. शिंप्यानं विचारलं, बाई, काही हरवलं का? चाल काढली की मला फक्त एक धावणारी पाठ दिसते. ती माझ्या काकाची आहे.'"

मग म्हणाला, "साहेब, तिनं कुणाला दोष दिला नाही हो. अध्यक्ष विचारत होते, कुणी शिकवलं? तिनं तो खर्डा पुढं सरकवला आणि म्हणाली, कागदावर अक्षर आहे."

सुटकेची तार गेली. माझ्यावर खटला भरायची शिफारस झाली आहे. सनद मी आज परत केली. वकील देणार नाही. कुणाला काय शिकवून ठेवीन, नेम नाही.

तू मागच्या जिन्यानं गेलीस. मी पुढच्या जिन्यावर अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

बाप

दोन महिन्यांनी, ६ तारीख, रविवार

मैना,

या पत्रात माझं काही नाही. एक निरोप आहे, तो पोचवायचा म्हणून लिहितो.

दिवेवाला आला. आज सकाळी बायको त्याला धरून घेऊन आली. पूर्वी उंच होता, शिडीवर चढला की वरच्या मजल्याच्या खिडकीतून तुला वेडावून दाखवायचा. आता माझ्या खांद्याला लागतो. दोन वाक्यांमध्ये खोकतो.

मी पायऱ्या उतरून खाली गेलो. काय बोलणार होतो देव जाणे. बायकोच म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. ह्यांना जागा बघायची आहे."

त्यानं विचारलं, "कुठं होतं ते झाड?"

मी काठीनं दाखवलं. कंदिलाचा खांब होता त्याच्या चार पावलं अलीकडे. तिथं आता नुसती फरसबंदी. तो जाऊन उभा राहिला. वर बघितलं. मग हसला, मैने. दात नाहीत, पण हसला.

म्हणाला, "इथं रोज शिडी लावली मी. झाड नव्हतं. मी ओरडलो, कुणी ऐकलं नाही." खोकला. मग म्हणाला, "पण बेटावर दगड फोडताना ऊन डोक्यात जायचं, तेव्हा मी मनात म्हणायचो, चल, वकिलाच्या पोरीच्या झाडाखाली बसू घटकाभर. एवढी वर्षं बसलो. मोठ्या पानांचं होतं."

बायको म्हणाली, "पुरे आता. चला, ऊन लागतंय."

जाताना तो वळला आणि त्यानं तुझ्यासाठी निरोप दिला. मी आत येऊन आधी तो उतरवून घेतला. तो असा:

"पोरीला लिहा, झाडाचा राग नाही. बाकीचं तिचं नव्हतंच."

मी तो जसाच्या तसा लिहिला आहे. एकही शब्द बदललेला नाही.

बाप